आठ शेजारी

माझ्या टेबलावर थर्माकोलचा एक डबा आहे. आत १० मीटर काचेचं फायबर गुंडाळलेलं. दोन्ही टोकं मॉड्युलेटरला जोडून त्याचं कडं केलंय. त्यात १५५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश गरगरत असतो. इथे चार मितींचं भौतिकशास्त्र करतो म्हटलं की पाहुणे आधी डब्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

मी त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर दाखवतो. दिवस येतात एका रांगेत. पण आठवड्यांत मांडले की १५ तारखेला १४ आणि १६ शिवाय ८ आणि २२ हेही शेजारी मिळतात. स्फटिकात उड्या मारणाऱ्या इलेक्ट्रॉनचा हिशेब असाच, शेजाऱ्यांवर चालतो. रांगेत दोन, चौकटीत चार, घनात सहा. आठ असले की चार मिती.

माझ्या कड्यात ठरावीक वारंवारताच टिकतात, साधारण २० मेगाहर्ट्‌झच्या अंतराने. त्या माझ्या तारखा. मॉड्युलेटरला २० मेगाहर्ट्‌झ दिले की प्रकाश शेजारच्या घरात जातो. १४० दिले की सात घरं ओलांडतो. तिसऱ्या मितीला ९८०, चौथीला ६८६०. कागदावर तर किती सोपं!

पहिल्यांदा ऑसिलोस्कोपवर ५० नॅनोसेकंदांच्या एका फेरीत ऊर्जापट्ट्याची, म्हणजे स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला घेता येणाऱ्या ऊर्जांची, गुळगुळीत लाट उमटली. १४०चा स्वर मिसळताच तिच्यावर सात बारीक लाटा चढल्या. तो पडदा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. तेवढ्यात एसी सुरू झाला आणि सगळं चित्र सरकत निघून गेलं. तापमान एका अंशाने हललं तरी या फायबरमधली प्रकाशाची वाट सुमारे दशांश मिलिमीटरने बदलते. प्रकाशाच्या मापात ते कोसभर. थर्माकोलचा डबा आला तो त्या दिवसापासून.

२०१८मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या मिकेल रेख्त्समन यांच्या गटाने काचेत लेझरने प्रकाशवाटा कोरून चार मितींच्या क्वांटम हॉल परिणामाच्या खुणा दाखवल्या. मला ते काम आमच्यापेक्षा देखणं वाटतं. काच एकदा कोरली की एसीला भीत नाही. पण कोरलेली वाट बदलता येत नाही, आणि माझा शेजार एका बटणावर बदलतो. उणीव दोघांचीही सारखीच: फोटॉन एकमेकांना क्वचितच धक्का देतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची आपसातली भांडणं इथे सहजी उभी करता येत नाहीत.

सध्या तीन स्वर चालू आहेत. चौथ्याची केबल टेबलावर पडून आहे, आणि डब्याचं झाकण चिकटपट्टीने बंद आहे.