सूप, हंडी आणि कॅमेरा

लग्नसराईच्या दिवसांत रायपूरच्या गोल बाजारात पाऊल टाकायला जागा नसते. पूजेचे साहित्य, बांगड्या, कापड, मसाले, मडकी, बांबूची सुपे अशा गृहस्थाच्या साऱ्या गरजा तेथे एकमेकींना खेटून मांडलेल्या असतात. चित्रफीत तयार करण्याची साधने घ्यायची तर माणूस जयस्तंभ चौकाकडचे रविभवन गाठतो. तरीही कोंडागावहून रायपूरला शिकायला आलेली एक विद्यार्थिनी आणि रायपूरच्याच एका जुन्या मराठी घरातले निवृत्त अध्यापक यांनी आपल्या खरेदीचा आरंभ गोल बाजारापासून केला. एक सूप, एक हंडी आणि दोन जाड गोधड्या एवढीच ती पहिली खरेदी होती.

विद्यार्थिनीला हलबी भाषेतील जगार चित्रित करून इंटरनेटवर ठेवायचा होता. जगार हा शब्द ऐकताच मराठी वाचकाला जागर आठवेल. बस्तरमध्ये गुरुमाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया ही दीर्घ कथागीते अनेक दिवस गातात. हरिहर वैष्णव यांच्यासारख्या अभ्यासकाने आयुष्याची अनेक वर्षे वेचून ती कागदावर उतरवली. परंतु कागदावर शब्द येतात, नाद येत नाही. गुरुमायीचे वाद्य धनकुल. हंडीवर सूप पालथे घालायचे, सुपावर धनुष्याचे टोक टेकवायचे आणि धनुष्याच्या खाचांवर बांबूची काडी घासायची. घरातल्याच वस्तूंतून उभे राहिलेले हे वाद्य स्वस्त साधनांच्या सामर्थ्याचा जुना दाखला आहे.

या भाषेशी मराठीचे नाते कुतूहलाचे आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या, मराठीला वाहिलेल्या खंडात हलबीचा समावेश केला. ‘मोचो’, ‘तुचो’ ही तिची रूपे कानी पडली की ‘माझा’, ‘तुझा’ म्हणणाऱ्यालाही आपल्या ‘चा’ या प्रत्ययाची ओळख पटते. तथापि तिच्यावर छत्तीसगढी आणि ओडिया यांचेही संस्कार आहेत. तिला कोणाची बोली म्हणावे, हा वाद अभ्यासकांत मिटलेला नाही. २०११ च्या जनगणनेत साडेसात लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. म्हणजे बोलणारे थोडे नाहीत. पडद्यावर मात्र तिची उपस्थिती विरळ आहे.

गाठीचा पैसा बेताचा होता. विद्यार्थिनीचे मन प्रथम मोठ्या कॅमेऱ्याकडे ओढले गेले, आणि ते स्वाभाविक होते. साधन भारदस्त असले की कार्यही भारदस्त वाटू लागते. अध्यापकांनी एकच प्रश्न विचारला : चित्र थोडे धूसर झाले तर काय हरवेल, आणि आवाज धूसर झाला तर काय हरवेल? उत्तर उघड होते. ‘फोर के’ चित्रणात ‘फुल एचडी’च्या चौपट बिंदू असतात, पण त्या चौपटीने ‘मोचो’चा उच्चार अधिक स्पष्ट होत नाही. हातातला मोबाइल चित्रासाठी पुरेसा ठरला. त्याला स्थिर ठेवणारी तिवई आणि गळ्याशी लावायचा छोटा माईक एवढेच विकत घ्यायचे ठरले.

अध्यापकांच्या खोलीत चाचणी झाली. गोल बाजारातल्या हंडीवर सूप पालथे घातले, खाचा पाडलेला बांबू टेकवला आणि विद्यार्थिनीने काडी घासत आजीकडून ऐकलेला थोडा भाग गायला. ध्वनिमुद्रण ऐकताना दोघेही स्तब्ध झाले. गाणे स्वच्छ होते. काडीचा घासता नाद मात्र जवळजवळ नाहीसा झाला होता. माईकमधील गोंगाट गाळण्याची सोय सुरू राहिली होती, आणि यंत्राने वाद्यालाच गोंगाट ठरवले होते. ती सोय बंद केल्यावर नाद परतला; पण त्याच्यासोबत पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे भोंगेही आले. तेव्हा पंखा बंद झाला आणि खिडक्यांवर गोधड्या चढल्या. काय गाळावे आणि काय राखावे, हा विवेक कोणत्याही किमतीच्या यंत्रात मिळत नाही. तो गाणे ठाऊक असलेल्या माणसालाच करावा लागतो.

संकलनाच्या बाबतीतही हेच तारतम्य लागले. काही फुकट ॲप तयार चित्रफितीवर आपली मुद्रा उमटवतात; ती पुसायची तर पैसे भरावे लागतात. ‘शॉटकट’ किंवा ‘केडेनलाइव्ह’सारख्या मुक्त प्रणालींत तसे बंधन नाही, शिकायला मात्र चार दिवस जास्त द्यावे लागतात. खाली देवनागरीत हलबी शब्द आणि त्यांचा हिंदी अर्थ द्यायचा, हेही तेथेच साधते. उरलेला पैसा मूळ चित्रणाच्या दोन प्रती स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवण्यासाठी राखला गेला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तेथे मांडलेले अनेकांचे काम एका रात्रीत प्रेक्षकांना दुरावले. परक्या ओसरीवर मैफल जरूर भरवावी. घरची पेटी मात्र तेथे ठेवू नये.

परवडणे या शब्दाचा अर्थ रायपूरला नवा नाही. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू केले. मातृभाषा मराठी असलेल्या या संपादकाने हिंदी समीक्षेला आणि कथेला तेथे घर दिले. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ साली त्यातच आली. तरीही अवघ्या तीन वर्षांत आर्थिक ओढग्रस्तीने ते मासिक बंद पडले. विचार तोकडे नव्हते, चालू खर्च झेपेना. पहिला अंक काढण्याची ऐपत आणि शंभरावा अंक काढण्याची ऐपत या भिन्न गोष्टी आहेत. साधन निवडताना दुसरीचा हिशेब आधी मांडावा लागतो.

रायपूर जिल्ह्यातील तुलसी या गावाने हा हिशेब आपल्या परीने मांडला. तेथे २०१८ च्या सुमारास मोबाइलवर चित्रफिती करण्यास आरंभ झाला आणि पुढे गावातले शेकडो लोक त्या कामात ओढले गेले. पण विनोदी प्रहसनाला जो प्रेक्षक मिळतो तो रात्रभराच्या जगाराला मिळणार नाही, हे विद्यार्थिनी जाणून होती. प्रेक्षकसंख्येसाठी जगाराचे एका मिनिटाचे तुकडे करण्याचा मोह तिला झाला. अखेर तुकडा केवळ आमंत्रण म्हणून ठेवायचा आणि अखंड गायन स्वतंत्र द्यायचे, असा मार्ग निघाला.

खर्चाच्या यादीत एक ओळ अध्यापकांनी शेवटी स्वतःच्या हाताने लिहिली : गुरुमायीचे मानधन. ती रक्कम माईक आणि तिवई यांच्या एकत्रित किमतीहून अधिक होती. विद्यार्थिनीने ती पाहून तिवईवर काट मारली. मोबाइल विटांच्या रचलेल्या थरावरही स्थिर राहील, असे तिचे म्हणणे पडले. त्याखाली तिने आणखी एक नोंद केली : चित्रण कोठे दाखवले जाईल हे गुरुमायीला आधी समजावून सांगायचे आणि तिने नको म्हटले तर कॅमेरा उघडायचा नाही.

सूप आणि हंडी पिशवीत भरून ती कोंडागावच्या बसला निघाली. तेथे धनकुल होतेच. त्यामुळे हे ओझे नेण्याचे कारण नव्हते. पण गोल बाजारातून आणलेल्या सुपाचा नाद आजीला कसा वाटतो, हे तिला विचारायचे होते.