माजघरातला रॅम्बो

सत्तरच्या दशकात कोकणात जन्मलेल्या आम्हा मुलांना सुपरमॅन आणि रॅम्बो थिएटरात भेटले नाहीत. तालुक्याच्या टॉकीजला हिंदी सिनेमाच उशिरा लागायचा, तिथे इंग्रजीची काय कथा! हे सगळे लोक आमच्याकडे आले ते आखातातून. गावातलं कुणी ना कुणी दुबईला, मस्कतला नोकरीला असायचं. ते सुट्टीवर आलं की ब्लँकेट, सेंटच्या बाटल्या आणि टेपरेकॉर्डर यांच्या जोडीला एखादा व्हीसीआर आणि कॅसेटची चळत यायची. तिकडची टीव्हीची पद्धत आपल्यासारखीच, 'पाल' नावाची, त्यामुळे त्या कॅसेट आपल्या टीव्हीवर सरळ चालायच्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या, तिकडच्या एनटीएससी पद्धतीच्या कॅसेट मात्र कपाटातच राहायच्या.

ज्यांच्याकडे व्हीसीआर नव्हता, ते भाड्याने आणत. गणपतीत किंवा मे महिन्यात सगळी चुलत-आते भावंडं जमली की वर्गणी निघायची. लायब्ररीवाला स्कूटरवरून मशीन घेऊन यायचा, वायर जोडून, चॅनल लावून द्यायचा आणि सकाळी परत न्यायचा. भाडं रात्रीचं, म्हणून एका रात्रीत जेवढे सिनेमे बसतील तेवढे बसवायचे. एक देवाधर्माचा आजीसाठी, एक कौटुंबिक आईसाठी, आणि पहाटेकडचा 'मारामारीचा' मुलांसाठी, असा क्रम ठरलेला. पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं. त्यानेही भागलं नाही तर झाकण उघडून कोऱ्या नोटेने हेड पुसायचं. कॅसेट आत असताना लाईट गेले तर सगळे अंधारात गप्पा मारत बसायचे, आणि सिनेमावरचं खरं बोलणं तिथेच सुरू व्हायचं.

चित्र कसं दिसायचं हे आजच्या मुलांना सांगूनही पटणार नाही. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील मावतो. त्यातही लाल रंग सर्वांत जास्त फाकतो, आपली कड सोडून शेजारच्या रंगात पसरतो. 'मिस्टर इंडिया' १९८७ चा. त्यात अदृश्य माणूस फक्त लाल प्रकाशात दिसतो, आणि आमच्या कॅसेटवर नेमक्या त्याच प्रसंगी पडदा लाल चिखलाने भरून जायचा. अनिल कपूर कुठे आहे ते आम्ही आवाजावरून ओळखायचो. खाली एखाद्या दुकानाची जाहिरात सरकत असायची ती वेगळीच. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन व्हिडिओ फिल्मचा त्यात समावेश झाला, पण आमच्या गावापर्यंत नकलेची नक्कलच पोहोचत राहिली.

शिवाय दोन्ही बाजूंचं चित्र कापलेलं असायचं. १९७८ चा 'सुपरमॅन' रुंद पडद्यासाठी चित्रित झाला होता. चौकोनी टीव्हीसाठी अशी पट्टी कापली की जवळजवळ ४४ टक्के चित्र बाहेर जातं. म्हणजे क्रिप्टनचं वैभव, मेट्रोपोलिसचे मनोरे, उडण्याची भव्यता, ज्यासाठी लोक थिएटरात गेले त्यातलं निम्मं आमच्यापर्यंत आलंच नाही.

आणि तरीही आमच्या घरातल्या प्रत्येकाचं या सिनेमांबद्दल ठाम मत होतं. मला वाटतं, त्याचं कारण हेच. छोट्या पडद्याने भव्यता काढून घेतली आणि उरली ती माणसं. ज्या सिनेमात माणूस होता तो माजघरात टिकला, ज्यात नुसते स्फोट होते तो पहाटेपर्यंत सगळ्यांना झोपवून गेला.

'सुपरमॅन'मधला एक प्रसंग आमच्याकडे पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितला जायचा, आणि त्यात उडणं अजिबात नाही. नायिका लुईसच्या घरी क्लार्क केंट, म्हणजे चष्म्यामागे लपलेला सुपरमॅन, उभा आहे, ती आतल्या खोलीत आहे. तिला खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो, पाठ ताठ होते, खांदे रुंद होतात, आवाज खोल होतो. मग धीर सुटतो आणि तोच माणूस आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा पोक काढून क्लार्क होतो. ख्रिस्तोफर रीव्हने हे कुठल्याही यंत्राविना, नुसत्या पाठीच्या कण्याने केलं आहे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या काकांना शेवटी सुपरमॅन पृथ्वीभोवती उलटं उडून काळ मागे नेतो ते कधीच मान्य झालं नाही. पण या प्रसंगाला तेही हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे.

आत्याचं मत 'टर्मिनेटर २' वर होतं. सगळी मुलं अरनॉल्डच्या मोटरसायकलवर आणि पाऱ्यासारख्या वितळणाऱ्या पोलिसावर फिदा. आत्या म्हणायची, सिनेमा तिचा आहे रे, त्या बाईचा. सारा कॉनर वेड्यांच्या इस्पितळात, खाट उभी करून तिच्या दांडीला लटकून व्यायाम करते, तिथेच तिने कौल दिला होता. विमा कार्यालयात एकटीने नोकरी करून धाकट्या भावांची शिक्षणं काढलेली बाई ती. जिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही अशी आई तिला पडद्यावर लगेच ओळखू आली. आज जगभरचे समीक्षक सारा कॉनरबद्दल भरभरून लिहितात, ते वाचताना आत्या आठवते.

पण सर्वांत मोठं मत आजीचं, आणि तेही 'फर्स्ट ब्लड'वर, म्हणजे १९८२ च्या पहिल्या रॅम्बोवर. तिला इंग्रजी येत नव्हतं. आमचा मोठा चुलतभाऊ, दादा, शेजारी बसून समालोचन करायचा: आता तो गावात आला, आता पोलिसाने त्याला गाडीत घेतलं, आता विचारतोय जेवायला कुठे मिळेल. पोलीस अधिकारी त्याला गावात जेवू न देता वेशीबाहेर पुलावर सोडून देतो, तो मागे वळतो आणि पुढचा सगळा उत्पात होतो. आजी म्हणाली, "दोन घास दिले असते तर एवढं काही झालं नसतं." त्या सिनेमाबद्दल याहून खरं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही. त्यात रॅम्बो ठरवून कुणाचा जीव घेत नाही. एक पोलीस मरतो तो हेलिकॉप्टरमधून पडून. आणि शेवटी एवढा बलदंड माणूस आपल्या कर्नलपुढे लहान मुलासारखा रडतो. १९८५ चा दुसरा भागही आम्ही आणला होता. मृतदेहांचे ढीग पडायला लागले तशी आजी उठून आत गेली.

पुढे डीव्हीडी आल्या तेव्हा कळलं की 'फर्स्ट ब्लड'चा दुसराच शेवट चित्रित झाला होता. त्यात रॅम्बो कर्नलच्या हातून मरण ओढवून घेतो. डेव्हिड मॉरेलच्या १९७२ च्या मूळ कादंबरीतही तो मरतोच. चाचणी खेळांत लोकांना ते सोसलं नाही म्हणून त्याला जगवलं. तो वगळलेला शेवट डिस्कवर पाहिला तेव्हा आजी नव्हती. तिने काय म्हटलं असतं याचा अंदाज मी अजूनही बांधत असतो.

मधला व्हीसीडीचा काळ मला फारसा प्रिय नाही. एक सिनेमा दोन तबकड्यांवर, आणि चित्र असं दाबलेलं की धूर, पाणी किंवा धावपळ आली की पडद्याचे चौकोन पडायचे. मारधाडपटांची तर सारी मजाच धूर, पाणी आणि धावपळीत. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली आणि भाड्याचा धंदा आणखी ढिला झाला. हिंदीत डब केलेला 'स्पायडरमॅन' २००२ मध्येच आला होता. डबिंगमुळे थोरांना सगळं समजू लागलं हे खरं, पण दादाचं समालोचन थांबलं. त्याबरोबर "आता काय म्हणाला तो?" हा प्रश्नही गेला, आणि त्या प्रश्नामुळेच तर घर एकमेकांशी बोलत होतं.

आता वयाच्या पन्नाशीत आम्हा भावंडांत फोरके डिस्कची देवाणघेवाण चालते. या डिस्कना प्रदेशाचं कुलूप नाही, त्यामुळे न्यू जर्सीतल्या आतेभावाने पाठवलेली इथे बिनतक्रार चालते. जुना एनटीएससीचा अडथळा तेवढा संपला. 'सुपरमॅन'ची २०१८ मधली आवृत्ती बघताना मी हरखून गेलो. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ यांनी त्यात मुद्दाम मऊ, धुक्यासारखा प्रकाश ठेवला होता. कॅसेटवर तो आणखी पुसट व्हायचा आणि घरात हेडच्या नावाने ओरड व्हायची. नव्या डिस्कवर ते धुकं धुक्यासारखंच दिसतं, फिल्मचे दाणे जागच्या जागी आहेत आणि रीव्हच्या चेहऱ्यावर घाम दिसतो. सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आत अन्सवर्थ वारले, तो त्यांनाच अर्पण केलेला आहे. त्यांच्या कामाचा मान या आवृत्तीने राखला. दुसऱ्या 'सुपरमॅन'मधून अर्ध्यावर दूर केलेल्या दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनाही न्याय मिळाला तो घरगुती डिस्कवरच. त्यांची आवृत्ती २००६ मध्ये निघाली. एका प्रसंगाचं चित्रीकरण झालंच नव्हतं, तिथे रीव्हच्या चाचणीची जुनी रिळं जोडून तो उभा केला आहे.

'टर्मिनेटर २'च्या २०१७ मधल्या डिस्कबद्दल मात्र मला दुःख आहे. दाणे काढून टाकायच्या नादात चेहरे इतके घासले आहेत की माणसं मेणाची वाटतात. २०२४ मध्ये आलेल्या 'एलियन्स' आणि 'ट्रू लाइज'वरही संगणकाने तसाच हात फिरवला आहे आणि जगभरच्या चाहत्यांनी त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. मुंग्यांमधूनही आत्याला सारा कॉनरच्या डोळ्यांखालचा थकवा दिसला होता. आता एवढ्या रेषा, एवढे रंग हाताशी असताना तोच थकवा पुसून टाकणं हे चुकीचं आहे. यंत्रमानव गुळगुळीत दिसला तर चालेल, सारा दिसता कामा नये.

म्हणून डिस्क घ्यायचीच असेल तर 'सुपरमॅन'ची नवी घ्या आणि 'टर्मिनेटर २'ची नवी सोडून जुनी शोधा. 'फर्स्ट ब्लड' कुठल्याही प्रतीत मिळाला तरी बघा, दुसऱ्या भागाची घाई करू नका. आणि बघताना घरातलं कुणी मध्येच बोललं, प्रश्न विचारला, पात्राला उपदेश केला, तर सिनेमा थांबवा आणि त्यांचं बोलणं पुरं होऊ द्या.