दोन छाटण्यांच्या मधे

आमचं घर पिंपळगाव बसवंतच्या अलीकडं, मुंबई-आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर. रात्री ट्रकांचे आवाज ऐकतच आम्ही भावंडं लहानाची मोठी झालो. "हा रस्ता कुठं जातो?" असं मी एकदा आबांना विचारलं होतं. आबा कांद्याच्या गोण्या शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "आग्र्याला. तुझं काय काम तिथं?"

पुढं 2004 साली मी नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात भरती झालो आणि 17 वर्षं घराबाहेर राहिलो. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे देश फिरलेला माणूस. खरं सांगायचं तर मी देश पाहिलाच नाही. मनमाडला झेलम एक्स्प्रेस पकडायची, काळ्या ट्रंकेवर बसून जम्मू गाठायचं आणि तिथून पुढं ताडपत्री लावलेल्या गाडीत. ताडपत्रीच्या फटीतून दिसेल तेवढंच काश्मीर. झोजिला मी चारदा ओलांडला, पण तो कसा दिसतो असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. कधी निघायचं, कुठं थांबायचं, हे ठरवणारा दुसराच असायचा.

2021 ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. पहाटे चारला जाग यायची, उठून बसायचो, आणि करायला काही नसायचं. बागेतलं सगळं काम धाकटा भाऊ आणि माझी बायको बघत होते. औषधाचं प्रमाणसुद्धा मला तिला विचारावं लागे. त्याच दिवसांत एक जुनी बुलेट घेतली आणि शंभर पानी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'नाशिक ते द्रास'. धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, पठाणकोट, जम्मू, श्रीनगर. जायलाच साधारण 2,300 किलोमीटर. रोजचे 500 धरले. क्लचची तार, एक्सिलेटरची तार, दोन प्लग, ट्यूब, चेनची कडी अशी यादी केली. माझ्या तुकडीतले एकेक जण कुठल्या गावी आहेत तेही लिहून काढलं. एक देवासजवळ, एक मुरैनाकडं, एक अंबाल्यात. लॉज शोधायची गरजच नव्हती.

एका रात्री बायकोनं वही पाहिली. म्हणाली, "सतरा वर्षं तुम्ही बाहेरच होता ना? आता कुठं घरी आलात, तर परत बाहेर?"

मला उत्तर देता आलं नाही. मी नसताना तिनं पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या सांभाळल्या, दोन पोरं शाळेत घातली, गारपिटीनं बाग झोपली त्या वर्षी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून आणलं. मला फोनवर सांगितलं ते एवढंच, "पाऊस झाला थोडा." तिनं पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव म्हणजे पंढरपूर. मी वही कपाटात टाकून दिली.

दोनेक महिन्यांनी ती वही तिनंच काढून आणली. विचारलं, "यात छप्पन एपीओ कुठंय?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. लग्नानंतरची पहिली वर्षं ती मला पत्रं लिहायची, दिवाळीला लाडवांचं पार्सल पाठवायची. पत्ता एकच, माझा नंबर, युनिटचं नाव आणि '56 एपीओ'. ते फौजेच्या डाकघराचं नाव. युनिट पंजाबात असो की काश्मिरात, घरच्यांनी लिहायचा पत्ता तोच. तिला वाटायचं, एपीओ नावाचं एखादं गाव असेल, आणि मी कायम तिथंच राहतो. "मला ते गाव बघायचंय," ती म्हणाली.

ती मागं बसणार म्हटल्यावर सगळा हिशेब बदलला. 500 चे 250 किलोमीटर झाले. जायला बारा दिवस, यायला बारा. द्रास 10,000 फुटांच्या वर आहे. फौजेत 9,000 फुटांवर गेलं की पहिले सहा दिवस अंग हवेला रुळवायला देतात. आम्हाला एवढे दिवस परवडणार नाहीत, पण सोनमर्गला दोन रात्री थांबल्याशिवाय झोजिला चढायचा नाही, हे पक्कं केलं. डोकं दुखलं, मळमळलं, तर मागं फिरायचं. कारगिलला मेलेल्यांना मान द्यायला जाताना हट्ट कामाचा नाही.

माझ्या मनात 26 जुलै होता, कारगिल विजय दिवस. पण तारीख ठरवली द्राक्षबागेनं. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. एकदा गोडी छाटणी झाली की माल उतरेपर्यंत बागेतून पाय निघत नाही. हिवाळ्यात तिकडं झोजिला बर्फानं बंद होतो. दोन्ही बाजूंनी मोकळा सापडतो तो ऑगस्टचा शेवट. म्हणून 20 ऑगस्टला निघायचं ठरलं. फवारणीचा महिना भाऊ काढणार.

द्रासच्या स्मारकासमोर तोलोलिंग उभा आहे. 1999 मध्ये बोफोर्स तोफांनी जी शिखरं भाजून काढली, त्यातल्या पॉइंट 5140 ला 2022 साली 'गन हिल' नाव दिलं, तोफखान्याच्या मानासाठी. मी त्या लढाईत नव्हतो, नंतरचे दोन हिवाळे तिथं काढले. ते शिखर तिला दाखवायचंय, आणि तिची पत्रं मी कुठं बसून वाचायचो ती जागा, जाऊ दिलं तर.

आज सकाळी बुलेटला नवे टायर टाकले. ती मागं बसून टपरीपर्यंत आली, म्हणाली, "सीट कडक आहे, गोधडी घडी करून घालू." वहीत तेवढं वाढवलं. आबा ओट्यावरून बघत होते. आग्र्याला काय काम, असं या वेळी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "विसाच्या आत या. छाटणीला मजूर मिळत नाहीत."