शेऱ्याचा रकाना

‘स्थिर विहिरी’ हे शब्द माझे. एका अहवालाच्या एकोणिसाव्या पानावर, नऊ हिरव्या ठिपक्यांच्या नकाशाखाली ते अजून छापलेले आहेत. तो अहवाल कुणी पुढ्यात टाकला की मी आधी ते पान उलटून टाकतो.

संख्याशास्त्र शिकलेला माणूस पाण्यात कसा पडला ते सांगत बसत नाही. २०१९ साली मी मराठवाड्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत होतो. नाव लिहीत नाही. तिथली बरीच माणसं अजून माझे मित्र आहेत. संस्थेच्या चौसष्ट निरीक्षण विहिरी होत्या. १९९५ पासून जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा पाण्याची पातळी मोजली जायची, सरकारी मोजणी होते त्याच महिन्यांत. ऑक्टोबरचा आकडा पावसानं काय दिलं ते सांगतो, मेचा आपण काय उरवलं ते. २०१८ पर्यंतची चोवीस वर्षं, म्हणजे ६,१४४ नोंदी. आता पैसे कमी पडायला लागले होते. चौसष्ट ठिकाणी माणूस पाठवणं परवडत नव्हतं. तेव्हा सारख्या वागणाऱ्या विहिरींचे गट पाड, प्रत्येक गटातली एखाद-दुसरी ठेव, बाकीच्यांची मोजणी बंद करू, असं मला सांगण्यात आलं.

काम मला मनापासून आवडलं. परिसंस्थांच्या दीर्घकाळ नोंदी ठेवणारे लोक जगभर हे करतात. अमेरिकेत तर १९८० पासून अशा संशोधनस्थळांचं जाळंच आहे; जंगल, गवताळ रान, तळी, वाळवंट, सगळं त्यात येतं. एखादं ठिकाण नकाशावर कुठे आहे हे बाजूला ठेवायचं आणि त्याच्या नोंदी वर्षानुवर्षं कशा वरखाली होतात यावरून त्याची भावकी लावायची. मीही तेच केलं. प्रत्येक विहिरीच्या आकड्यांतून तिची स्वतःची सरासरी वजा केली, चढउताराच्या मापानं भागलं, म्हणजे आठ मीटरची विहीर आणि वीस मीटरची विहीर एका पंगतीत बसतात. मग प्रत्येक जोडीतलं अंतर काढलं. चौसष्ट विहिरींच्या २,०१६ जोड्या होतात. जवळच्या जवळ जोडत गेलं की शेवटी वंशावळीसारखं एक उलटं झाड तयार होतं.

आणि ते झाड खरं बोलत होतं, याचंच नवल वाटतं. कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या विहिरी आपोआप एका फांदीवर आल्या. उन्हाळी आवर्तन सुटलं की त्यांची पातळी वर यायची. मुरमातल्या उथळ विहिरी दुसऱ्या फांदीवर, ऑक्टोबरात काठोकाठ आणि मार्चमध्ये रिकाम्या. तिसऱ्या फांदीवर आजूबाजूला बोअर पडत गेले तशा वर्षाला थोड्या थोड्या खचत गेलेल्या. एका बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची विहीर मात्र दोन टोकांना गेली. मला वाटलं चूक झाली. भूगर्भशास्त्राचा सहकारी जागेवर जाऊन आला आणि म्हणाला, मधून डाइक गेलाय, जमिनीखाली काळ्या दगडाची उभी भिंतच आहे. दगड न बघता मी तो आकड्यांतून पकडला होता. त्या आठवड्यात मी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

चौथ्या फांदीवर नऊ विहिरी होत्या. सहा गावं, वेगवेगळे खडक, कालवा नाही, तलाव नाही, काही समान नाही. पण आलेख शांत, निजलेल्या माणसाच्या श्वासासारखे. ऑक्टोबरात वर, मेमध्ये खाली, पुन्हा तेवढेच वर. २०१२ चा दुष्काळ आला, गेला. २०१५ चा आला, गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, आणि या नऊ विहिरी त्या मे महिन्यात अगदी नेहमीच्याच पातळीवर! मी खोलवरच्या भेगा, सच्छिद्र खडकाचे थर, लांबून येणारा पाझर असं सगळं रचलं. नकाशावर हिरवे ठिपके दिले. ‘स्थिर विहिरी’ असं नाव दिलं.

बैठकीत दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही पाच मिनिटांच्या आत झाल्या. आधी प्रमुख म्हणाले, एवढ्या स्थिर आहेत तर नऊच्या नऊ मोजायच्या कशाला? एक ठेवा, आठ बंद करा. हे मला पटलं; मी मानही डोलावली. मग हिशेब सांभाळणाऱ्या एकानं यादी पाहिली आणि विचारलं, या नवांपैकी सात अण्णांकडच्या आहेत ना?

अण्णा आमचे सर्वांत जुने मोजणीदार. पहिल्या वर्षापासूनचे. टेपच्या टोकाला ओळंबा, टेपला खडू चोळलेला, खडू कुठपर्यंत भिजला ते बघून आकडा लिहायचा, कठड्याची उंची वजा करायची. दर विहिरीमागे पैसे मिळायचे. खोलीत क्षणभर शांतता झाली आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच वाक्य आलं, जे शेवटी प्रमुखांनी उच्चारलं: घरी बसून भरलेत आकडे. दुष्काळातसुद्धा विहीर हलत नाही म्हणजे काय!

मी तेव्हा काय केलं ते लिहायलाच हवं. मी संगणकावर आलेख मोठा केला आणि म्हणालो, हो, असं असू शकतं. माणूस मनानं आकडे लिहितो तेव्हा ते असेच गुळगुळीत येतात. भेगा, थर, पाझर, सगळं मी अर्ध्या मिनिटात सोडून दिलं. दुसरं स्पष्टीकरण जास्त हुशारीचं वाटलं. एका माणसाच्या चोवीस वर्षांच्या उन्हाचा प्रश्न होता आणि मी आलेखाच्या गुळगुळीतपणावर व्याख्यान दिलं. अण्णांना बोलावून घेतलं. ते उभेच राहिले, कुणी बसा म्हणालं नाही. नोंदी खऱ्या आहेत का, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘वह्या हायत की घरी.’’ वह्या कुणी मागवल्या नाहीत. त्यांच्याकडचं काम ‘तूर्त’ थांबवलं. अशा ठिकाणी ‘तूर्त’ या शब्दाला अंत नसतो हे सर्वांना माहीत असतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या गावी गेलो तो पश्चात्तापानं नव्हे. एका विहिरीचे अक्षांश-रेखांश चुकले होते. त्यांनी चहा केला आणि खताच्या गोणीतून वह्या काढल्या. छापील रकाने: विहीर क्रमांक, तारीख, वेळ, कठडा, पाण्यापर्यंतची खोली, शेरा. मी मे २०१३ उघडलं. खोलीच्या रकान्यात आडवी रेघ. शेऱ्यात: ‘कोरडी.’ मे २०१६: ‘कोरडी. तळाला चिखल पण नाही.’ पुढची विहीर: ‘कोरडी. मालकाने मोटार काढून नेली.’ त्या सात विहिरींतल्या एकीचे चोवीसपैकी अकरा मे महिने असे होते.

नऊ विहिरी स्थिर नव्हत्या. त्या आमच्याकडच्या सर्वांत कोरड्या विहिरी होत्या.

घडलं ते असं. वह्यांतले आकडे २०१० च्या सुमारास एका बाहेरच्या माणसाकडून संगणकावर भरून घेतले होते, पुढे दरवर्षी त्याच साच्यात भर पडत गेली. त्या साच्यात खोलीच्या चौकटीत फक्त आकडा बसायचा. ‘कोरडी’ हा आकडा नाही. चौकट रिकामी राहिली, आणि शेरा नावाचा रकाना साच्यात नव्हताच. मग मी आलो. गट पाडायचे तर रिकाम्या चौकटी चालत नाहीत, म्हणून ज्या महिन्याचा आकडा नाही तिथे त्या महिन्याची इतर वर्षांची सरासरी टाकायची, अशी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये लिहिली होती. इतर वर्षं म्हणजे कुठली? ज्या वर्षी पाणी होतं ती. मे २०१३ ला विहीर तळापर्यंत वाळली होती आणि मी तिच्यात चांगल्या वर्षांची सरासरी ओतली. जिथे चौकटी जास्त रिकाम्या, तिथे सरासरी जास्त, तिथे आलेख शांत. आणि शांत आलेख एकमेकांसारखे दिसणारच. ती फांदी विहिरींची नव्हतीच. गुळगुळीत आकडे कुणी मनानं लिहिले असतील तर ते मी. त्यात अशा आठ विहिरींची मोजणी आम्ही बंद करायला निघालो होतो.

खूप दिवस मी साचा करणाऱ्याला शिव्या देत होतो. त्याचं चुकलंच. पण रिकाम्या चौकटी किती आहेत आणि कुठल्या महिन्यात आहेत हे मोजायला मला दहा मिनिटं लागली असती. त्या यदृच्छेनं पडलेल्या असत्या तर सगळ्या महिन्यांत विखुरलेल्या दिसल्या असत्या. या मेमध्ये दाटलेल्या होत्या. आता कुणी नोंदींचं काम घेऊन आलं की मी पहिल्यांदा रिकाम्या जागांचा नकाशा काढायला लावतो, आणि कागदी वही मागतो, फोटो असला तरी चालतो. गणित नंतर. तरुण मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

अण्णांसाठी मी भांडलो. तोंडी भांडलो, मग दोन पानांची टिप्पणी लिहिली, वह्यांचे फोटो जोडले. अहवाल देणगीदारांकडे गेलेला होता. तो मागे घेता येणार नाही, पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. अण्णांचं काम मात्र चालू झालं. आता हे नमूद न करणं बरं दिसणार नाही: फोटो काढताना दोन विहिरींची काही पानं मी वेगळी ठेवली होती. २००६ चा ऑक्टोबर आणि २००७ ची पहिली दोन वाचनं एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी. मी अण्णांना विचारलं. ते जरा वेळानं म्हणाले, त्या साली पोरीचं लग्न होतं. ती पानं मी टिप्पणीला जोडली नाहीत. ज्या गोष्टीचा खोटा आळ आला म्हणून मी तावातावानं लिहीत होतो, तीच थोडीशी खरी होती, आणि मी ती झाकली. आज पुन्हा तीच वेळ आली तर जोडीन का? सकाळी विचारलंत तर हो म्हणेन.

नव्यानं गट पाडताना प्रश्न आला की ‘कोरडी’ला आकडा काय द्यायचा. पाणी तळाच्या खाली कुठे तरी आहे, किती खाली ते ठाऊक नाही. एवढंच म्हणता येतं की विहिरीच्या खोलीपेक्षा जास्त. म्हणून मी विहिरीची खोलीच धरली, हे किमान आहे अशी खूण केली, आणि अंतर काढण्याची रीत तशी बदलली. नऊ विहिरींतल्या सहा मुरमाच्या फांदीवर गेल्या, तीन खचणाऱ्यांत. हे दाखवायला मी अण्णांकडे गेलो. ते चष्मा नाकावर ओढून कागद बघत राहिले.

‘‘मग कोरडीचा आकडा कितीचा धरला, सर?’’

मी सांगितलं, विहिरीची जेवढी खोली तेवढा.

‘‘कुठली खोली?’’ ते म्हणाले. ‘‘ह्या हिरीचं तेरा साली खोलीकरण झालं. दोन परस खाली नेली. त्या खालच्या दोन्हीचं सोळाला. शेऱ्यात लिवलंय मी.’’

मी पिशवीतून फोटो बाहेर काढले.