आमची नावे माईकवरून

भिंगारमध्ये लग्नसराई जवळ आली की आमच्या घरी पहिल्यांदा पितळ घासले जाते, मग भांडी. आम्ही दोघे भाऊ बँडवाले. थोरला सॅक्सोफोन वाजवतो, धाकटा साईड ड्रम. वडील क्लॅरोनेट वाजवीत. गावकीची कामे ज्या पिढीने टाकली, त्या पिढीतले ते. पण वाद्य त्यांनी टाकले नाही. ते म्हणत, "सुपारी ठरवून वाजवतो, कुणाच्या दारात हात पसरत नाही." आम्हीही तसेच शिकलो, आणि तेही कानाने. कागदावरचे सूर आम्हाला वाचता येत नाहीत.

आज सांगायचे आहे ते एका रात्रीबद्दल. सहा-सात वर्षे झाली. डिसेंबरचा महिना होता. कॅम्पातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता आणि मुंबईहून जॅझ गाणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या. त्या दुपारीच पोहोचल्या, पण त्यांच्या वादकांची गाडी वाटेत बंद पडली. संध्याकाळी सहा वाजता कार्यक्रमवाले आमच्या दारात उभे. नगरच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा एक मुलगा मिळाला होता, एका ऑर्केस्ट्रातला बेस गिटारवाला मिळाला होता. हवे होते सॅक्सोफोन आणि ड्रम. आम्ही म्हणालो, "अहो, आम्ही वरातीतले बँडवाले, हे इंग्रजी गाणे आम्हाला कसे जमायचे?" पण मॅडमचा निरोप होता की जे असतील त्यांना घेऊन या.

जॅझ म्हणजे काय, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. नंतर समजून घेतले, आणि वाचकहो, आम्ही चकितच झालो. अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतरच्या काळात न्यू ऑर्लिन्स शहरातल्या काळ्या वस्त्यांमधून हे संगीत उभे राहिले. तिथली पितळी वाद्यांची पथके मिरवणुकीत वाजवीत, मयतीलाही वाजवीत. जगप्रसिद्ध लुई आर्मस्ट्राँग १९०१ साली तिथल्याच गरीब वस्तीत जन्मला, आणि मुलांच्या सुधारगृहात असताना कॉर्नेट वाजवायला शिकला. म्हणजे ही सारी मंडळी आमच्याच धंद्यातली!

पुढे १९३० नंतरच्या काळात काळे अमेरिकन वादक मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत येऊन वाजवू लागले. त्यांच्याकडून ते गोव्याच्या वादकांनी उचलले आणि गोव्याच्या वादकांबरोबर ते सिनेमात गेले. संगीतकार सी. रामचंद्र हे आपल्या जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्यांच्या संगीताला चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवाल्याची साथ होती. १९५१ सालचा 'अलबेला' हा त्या काळातलाच. त्यात नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचे पोर. त्या सिनेमाची गाणी आम्ही आजही वरातीत वाजवतो. जॅझचा अंश आमच्या हातात पहिल्यापासून होता, फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते.

असो. तालमीला तासभर मिळाला. मॅडमनी पहिली गोष्ट शिकवली ती खुणांची. गाण्याच्या आधी त्या तीन बोटे खाली करून दाखवत. म्हणजे तीन फ्लॅट, म्हणजे ई फ्लॅटची पट्टी. कीबोर्डवाल्याने आम्हाला हळूच सांगितले, "काळी दोन." मग आम्हाला धीर आला. आल्टो सॅक्सोफोनला ती पट्टी अगदी हाताखालची. डोक्यावर टिचकी मारली की गाणे पुन्हा सुरुवातीपासून घ्यायचे. तळहात खाली दाबला की आवाज कमी करायचा.

हा तळहात त्यांना फार वेळा दाबावा लागला! आम्हाला सवय रस्त्याची. मागे जनरेटर, पुढे नाचणारी पोरे, तिथे हळू वाजवून कोण ऐकणार? धाकट्याच्या काठ्या काढून घेऊन त्यांनी तारांचे ब्रश हातात दिले. आमचा ठोका पहिल्या मात्रेवर जोरात. मॅडम मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवीत. सारखे चुकायचे. शेवटी धाकट्याने वाजवणे सोडून नुसता त्यांच्या चुटकीकडे कान दिला, तेव्हा ते अंगात उतरले.

पहिलेच गाणे ब्लूज होते. बारा मापांचे एक आवर्तन, ते फिरत राहते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. दोन ओळींच्या मध्ये सॅक्सोफोनने बोलायचे. आपल्या सवाल-जबाबासारखेच म्हणा. पण थोरला उत्साहात त्यांच्या शब्दांवरच वाजवत सुटला. मॅडम रागावल्या नाहीत. जवळ येऊन म्हणाल्या, "मी शब्द म्हणते तेव्हा थांबा. मी श्वास घेते ती जागा तुमची." इतक्या वर्षांत आम्हाला कुणी 'ही जागा तुमची' असे म्हटले नव्हते.

कार्यक्रम झाला. चुका झाल्या नाहीत असे नाही, पण लोक उठून गेले नाहीत. नंतर जेवण. आम्ही सवयीने वाद्ये उचलून मागच्या दाराकडे निघालो. लग्नात बँडवाल्याची पंगत सर्वांत शेवटी, मंडपाच्या मागे, हे आमच्या अंगवळणी पडलेले. मॅडम ताट हातात धरून उभ्याच राहिल्या. "माझे वादक बसले की मी बसते," एवढेच म्हणाल्या. चार खुर्च्या आल्या.

जेवताना त्यांनी बिली हॉलिडे या काळ्या गायिकेची हकिकत सांगितली. १९३८ साली ती आर्टी शॉच्या गोऱ्या वादकांच्या पथकात गात होती. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात माईकपुढे उभी राहायची ती, पण वर जायला तिला सामानाची लिफ्ट वापरायला लावली. त्यानंतर तिने ते पथकच सोडले. ऐकताना आमचा घास हातातच राहिला. पाणवठ्याच्या कितीतरी गोष्टी आम्ही आजीकडून ऐकल्या होत्या. ही त्यांच्याच घरची होती.

आम्ही विचारले, "मॅडम, लोक तर तुम्हाला ऐकायला येतात. वादकांचे एवढे कशाला?" त्यांनी लोर्नाचे नाव घेतले. वांद्र्यात जन्मलेली लोर्ना कॉर्देरो ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर मुंबई आणि कलकत्त्याच्या हॉटेलांत गायची. तिची कोंकणी गाणी गोव्यात घरोघरी पोहोचली. १९७० नंतरच्या काळात दोघांची ताटातूट झाली आणि तो आवाज वीसएक वर्षे गप्प राहिला. १९९५ साली ती पुन्हा लोकांपुढे उभी राहिली. या दोघांच्या जीवनावर बेतलेला कोंकणी सिनेमाही पुढे निघाला. मॅडमचे म्हणणे साधे होते. गळा कितीही गोड असो, पाठीशी ऐकणारे हात नसले की तो एकटा पडतो.

पण खरी गोष्ट जेवणाच्या आधीची आहे. शेवटचे गाणे चालू असतानाच मॅडमनी हात वर केला, आम्ही आवाज कमी केला, आणि त्यांनी एकेकाचे नाव घेतले. कीबोर्डवर अमुक, बेस गिटारवर अमुक. मग आम्हा दोघांची नावे, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. जॅझमध्ये ही रीतच आहे म्हणे. आमच्या बँडच्या गाडीवर मालकाचे नाव रंगवलेले असते. वडिलांनी तीस वर्षे क्लॅरोनेट फुंकले, छातीचा भाता झाला, पण त्यांचे नाव कुणी माईकवरून घेतले नाही. ते गेल्यानंतर, परक्या गाण्यात, परक्या बाईच्या तोंडून ते भिंगारमध्ये ऐकू आले. घरी येऊन आईला सांगितले. ती काही बोलली नाही. तिने क्लॅरोनेटची पेटी खाली काढली, पुसली आणि पुन्हा वर ठेवली.

मग आमच्याच मनात आले, आपण तरी काय करतो? १४ एप्रिलला बाहेरगावचे गायक वही घेऊन येतात. आपली गायन पार्टी त्यांना साथ देते. तिथेही "पट्टी कोणती?" "काळी दोन," एवढ्यावरच सारे जमून येते. पाहुण्या गायकाला हार आणि शाल मिळते. ढोलकीवाल्या पोराचे नाव गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नसते.

पुढच्या जयंतीला आम्ही निवेदकाच्या हातात चिठ्ठी दिली. हार्मोनियम, ढोलकी, कोरसच्या दोन मुली, स्पीकरवाला, अशी सारी नावे. निवेदक म्हणाला, "वेळ कमी आहे." आम्ही म्हणालो, "एक गाणे कमी करा, पण नावे वाचा." त्याने वाचली. ढोलकीवाल्याचे नाव आले तेव्हा मागे बायकांत बसलेली त्याची आई उठून उभी राहिली. दिवसभर बांधकामावर पाट्या उचलून आलेली बाई. टाळ्या संपल्या तरी ती उभीच होती.

तेव्हा एवढीच विनंती. यंदा आपल्या वस्तीत गाण्याचा कार्यक्रम झाला, तर कार्यक्रम सुरू होण्याआधी वादकांची नावे विचारून घ्या, लिहून ठेवा, माईकवरून वाचा. आणि जेवणाची पंगत पडली तर त्यांना आपल्याबरोबरच बसवा.