चाळीस इंच

आपण ज्याला गाडीचं बॉनेट म्हणतो, त्याला अमेरिकेत हूड म्हणतात. गेले चार महिने मी टेक्सासमध्ये मुलाकडे आहे आणि या एका पत्र्यावरून घरात इतकी चर्चा झाली की लिहिल्याशिवाय राहवत नाही. मोटारींशी माझा संबंध मागच्या सीटवर बसण्यापुरताच. पण चौतीस वर्षं मुलांना भूमिती शिकवली असल्यामुळे जिथे उंची, अंतर आणि नजर आली तिथे माझं तोंड आपोआप उघडतं. तेव्हा मंडळी, हा लेख मोटारींवर कमी आणि समरूप त्रिकोणांवर जास्त आहे असं समजून वाचा!

घरात दोन गाड्या आहेत. मुलाची सात माणसांची एसयूव्ही. तिच्यात चढायला मला पायरी लागते. आणि दुसरी नातवाची, दोन माणसांची माझदा मियाता. ही गाडी १९८९ साली निघाली आणि नातवाची जी आहे ती त्या पहिल्या पिढीतली, म्हणजे वयाने त्याच्यापेक्षा मोठी. छत धरून उंची जेमतेम चार फूट. त्याने शिकता शिकता काम करून साठवलेल्या पैशांतून ती घेतली आहे, त्यामुळे तिच्यावर जीव आहे. आणि आता त्याला ती आणखी चार सेंटिमीटर खाली बसवायची आहे.

"आधीच जमिनीला टेकलीय, आणखी कुठे नेतोस?" हा त्याच्या बाबांचा प्रश्न. गाडीच्या दोन बाजूंचं भांडण बघून मी मध्ये पडले. मध्ये पडले म्हणजे कागद-पेन्सिल घेतली.

आधी नातवाची बाजू. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांकडे झुकतं. हे झुकणं गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे त्यावर ठरतं. तो दीड फुटावर, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरवर आहे असं धरलं, तर चार सेंटिमीटर खाली आल्यावर झुकणारं वजन सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे ही नुसती हौस नाही. पण फुकट काहीच मिळत नाही. स्प्रिंग आखूड केली की चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते, खड्ड्यात गाडी दणका खाते, चाकांचे कोन बदलतात आणि अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी लागते. आपल्याकडच्या नियमातल्या गतिरोधकाची उंचीसुद्धा दहा सेंटिमीटर असते, आणि नियमात न बसणारे गतिरोधक तर गल्लोगल्ली. पुण्यात ही गाडी पहिल्याच गल्लीत पोट घासून बसली असती. इथले रस्ते सपाट, म्हणून हा लाड चालतो.

बुटकी गाडी करण्याचं हे वेड जुनं आहे. फोर्ड कंपनीने १९६०च्या दशकात शर्यतीसाठी जीटी४० नावाची गाडी काढली. त्यातला चाळीस म्हणजे तिची उंची, चाळीस इंच! जमिनीपासून छतापर्यंत. या गाड्यांनी १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९६७ साली जिंकणाऱ्या दोघांपैकी डॅन गर्नी इतका उंच होता की त्याचं शिरस्त्राण छताला लागायचं, म्हणून छताला वरून एक फुगा काढला होता. माणसासाठी गाडी उंच केली नाही, फक्त डोक्यापुरतं टेंगूळ दिलं!

मियाताच्या डोळ्यांची गोष्टही तशीच. हेडलाइट जमिनीपासून ठरावीक उंचीच्या खाली असू नयेत असा अमेरिकेत नियम आहे. नाक खाली ठेवायचं आणि दिवे वर हवेत, मग दिवे झाकणाखाली लपवायचे आणि लागतील तेव्हा उघडायचे. बेडकासारखे ते डोळे वर येतात तेव्हा शेजारची दोन वर्षांची मुलगी टाळ्या पिटते.

तिच्यामुळेच मी मोजमाप करायला लागले. ती आणि तिची तीनचाकी दिवसभर आमच्या फाटकापाशी असतात. फाटक म्हणायचं आपलं, इथे फाटक नसतंच. घर, गाडी आणि रस्ता सगळं एकाच उतारावर.

नातवाने टेप धरली, मी आकडे लिहिले. एसयूव्हीच्या बॉनेटची पुढची कड जमिनीपासून ११० सेंटिमीटर. मुलगा सीटवर बसल्यावर त्याचे डोळे १६५ सेंटिमीटरवर. डोळ्यांपासून त्या कडेपर्यंतचं आडवं अंतर २३० सेंटिमीटर. आता डोळ्यांपासून कडेला चिकटून एक रेष पुढे काढा. ती २३० सेंटिमीटरमध्ये ५५ सेंटिमीटर उतरते. त्याच उताराने ती जमिनीला टेकते गाडीपुढे ४६० सेंटिमीटरवर. म्हणजे पंधरा फूट जमीन दिसतच नाही! ८५ सेंटिमीटर उंचीचं मूल त्या रेषेच्या वर डोकं काढतं ते साधारण १०५ सेंटिमीटरवर. त्याच्या अलीकडे, साडेतीन फुटांच्या आत, ते उभं असलं तरी चालवणाऱ्याला तिथे कुणी नाही. चालवणारं माणूस माझ्यासारखं ठेंगणं असेल आणि डोळे पंधरा सेंटिमीटर खाली असतील, तर हेच अंतर जवळजवळ दीड मीटर होतं.

मियाताचं काय? डोळे १०५ सेंटिमीटरवर, बॉनेटची कड ६५वर, मधलं अंतर २००. जमीन दिसायला लागते ३२५ सेंटिमीटरवर. पण खरी गोष्ट पुढेच आहे. कड ६५ सेंटिमीटरवर असल्यामुळे ८५ सेंटिमीटरचं मूल बंपरला टेकून उभं असलं तरी त्याचं डोकं दिसतं. आणि गाडी चार सेंटिमीटर खाली बसवली तर? डोळे आणि बॉनेट दोन्ही सारखेच खाली येतात, मधला फरक तोच राहतो, आणि जमीन ३०५वर दिसू लागते. वीतभर जास्तच! हे ऐकून नातू जो काही ओरडला...

"आजी, तू माझ्या बाजूची आहेस!"

मी म्हटलं, बाबा रे, गणित कुणाच्या बाजूचं नसतं. तुला दिसतं हे खरं, पण तू कुणाला दिसतोस? एसयूव्हीच्या काचेतून खाली बघणाऱ्याला तुझं छत आणखी चार सेंटिमीटर खाली गेलेलं असणार. आणि तू सिग्नलला थांबलास की तुझ्यापुढे रस्ता नाही, दुसऱ्याच्या गाडीचा पार्श्वभाग!

उंच बसलं की जास्त दिसतं, ही आपली पक्की समजूत. लांबचं दिसतं हे खरंच आहे. शाळेत प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की शेवटच्या बाकावरचा डबा खाणारा दिसायचा, आणि टेबलाला चिकटून उभं असलेलं पहिल्या रांगेतलं पोर वहीने टेबल वाजवीपर्यंत कळायचं नाही. डोळे किती उंच आहेत याने जवळचं ठरत नाही. डोळे आणि समोरचा अडथळा यांत फरक किती, याने ठरतं.

आता बॉनेट उंच करणारे सगळेच दिखाऊ असंही नाही. चालणाऱ्याचं डोकं बॉनेटवर आदळलं तर पत्रा दबायला हवा, आणि खाली लगेच इंजिनाचं लोखंड लागता कामा नये, म्हणून मध्ये पोकळी ठेवतात. युरोपात २००५पासून नव्या मॉडेलांना पादचारी सुरक्षेच्या चाचण्या लागू झाल्या. याच मियाताच्या चौथ्या पिढीत तिथे अशी सोय आहे की धडक जाणवली की बॉनेट क्षणात थोडं वर उचललं जातं. म्हणजे बुटकेपण राखूनही डोकं वाचवायचा विचार करता येतो. करायचा असेल तर!

अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने नोव्हेंबर २०२३मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे अठरा हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांचं बॉनेट चाळीस इंचांहून उंच, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, तीस इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. पुन्हा तोच चाळीस इंच! साठ वर्षांपूर्वी एका अख्ख्या गाडीची जी उंची होती, ती आता नुसत्या नाकाची झाली आहे. आणि हे फक्त अमेरिकेचं समजू नका. भारतातही २०२३-२४ या वर्षात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांमध्ये निम्म्याहून अधिक याच जातीच्या होत्या.

मागे दिसावं म्हणून अमेरिकेत २००८ साली कायदा झाला, घराच्या आवारातच मागे येणाऱ्या गाडीखाली गेलेल्या दोन वर्षांच्या एका मुलाच्या नावाने. मे २०१८पासून इथल्या प्रत्येक नव्या मोटारीला मागे कॅमेरा असावाच लागतो. पुढे मात्र डोळे आहेतच असं गृहीत धरलं आहे.

मुलाने माझा कागद हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, पण सगळे मोठ्या गाड्या चालवत असताना मी पोरांना लहान गाडीत कसं बसवू?" त्याचंही खोटं नाही. प्रत्येक बाप आपलं पोर वाचवायला एक पायरी वर चढतो आणि खालची पायरी दुसऱ्याच्या पोराच्या वाट्याला येते. याला समरूप त्रिकोणात उत्तर नाही. मला तरी सापडलं नाही.

असो. नातवाने चारऐवजी दोन सेंटिमीटरवर समाधान मानलं आहे आणि दिवसासुद्धा तो गाडीचे बेडूक-डोळे उघडे ठेवून चालवतो, निदान समोरच्याला दिसावं म्हणून. मुलाने कागद फ्रिजवर चुंबकाने लावला आहे. सकाळी निघताना तो आता किल्ली हातात घेऊन आधी गाडीच्या पुढून एक फेरी मारतो, वाकून बघतो, मगच पायरी चढतो. कालच त्याने पुढे पडलेली तीनचाकी उचलून शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवली.