विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, तेव्हा त्याला जागेचे भाडे पडत नसावे, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. गेल्या वसंतात कॅलिफोर्नियाने ती पार खोटी ठरवली.

निमित्त नातवाचे होते. मुलगी सनीवेलला राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेचे हे खोरे एके काळी फळबागांचे होते. पुढे तेथे संगणकाचा धंदा आला आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. मुलीचे घर दोन खोल्यांचे. बाळंतपणाचे पहिले दोन महिने आमच्या सौभाग्यवतीने तेथे काढले होते आणि आता व्याहीमंडळींची पाळी होती. मी मात्र नातवाला अजून पडद्यावरच पाहिले होते. हॉटेलात दहा दिवस राहायचे म्हणजे नातवाच्या शिक्षणाचे पैसे आजोबांनीच आधी उडवायचे!

परंतु आमच्यापाशी बिऱ्हाड होते. आम्ही फीनिक्सला असतो आणि निवृत्तीनंतर हौसेने चोवीस फुटांची एक घरगाडी घेतली आहे. येथे तिला आर. व्ही. म्हणतात. आत अंथरूण, शेगडी, मोरी, संडास, सारे काही. मी मुलीला फोनवर मोठ्या ऐटीत सांगितले, "तुझ्या दारात उभे राहू, जेवायला तेवढे आत येऊ."

"बाबा, इथे तसं नाही हो चालत," ती म्हणाली. इमारतीच्या आवारात असली गाडी एक रात्रही ठेवायला बंदी होती.

मग शोध सुरू झाला. जवळची खासगी जागा रात्रीचे शंभरावर डॉलर मागत होती. शिवाय दोन गाड्यांमध्ये अंतर इतके कमी, की शेजाऱ्याला शिंक आली तर आपल्या कपबशा हलाव्या. समुद्रकाठच्या राज्य उद्यानांतील जागा सहा महिने आधी नोंदवता येतात आणि चांगल्या जागा पाहता पाहता संपतात. आमच्या हातात तीन आठवडे होते. शेवटी जिल्ह्याच्या, म्हणजे येथल्या भाषेत काउंटीच्या, उद्यानांकडे वळलो. हा मार्ग पुष्कळांना ठाऊक नसतो. शनिवार-रविवार सोडून मधले वार मागितले आणि गटाराच्या जोडणीचा हट्ट सोडून केवळ वीज-पाण्यावर समाधान मानले, की जागा मिळते. आम्हांला माउंट मॅडोना उद्यानात मिळाली, खासगी जागेच्या निम्म्याहून कमी भाड्यात. एक शनिवारही कोणीतरी रद्द केल्यामुळे पदरात पडला.

गिलरॉय हे लसणासाठी प्रसिद्ध असलेले गाव मागे टाकले, की रस्ता वळणे घेत डोंगरावर चढतो. वर रेडवुडची उंचच उंच झाडे. त्यांच्याखाली भर दुपारीही देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा. जागा पाहून सौ. खूष झाली. मी मात्र रात्री कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. मुलीचे घर पन्नासेक मैल. जाऊन-येऊन शंभर. आमची गाडी एका गॅलनमध्ये नऊ मैल धावते, म्हणजे अकरा गॅलन, आणि गॅलनला पाच डॉलर. रोजचे पंचावन्न डॉलर! स्वस्त जागेतून वाचवलेले सारे पेट्रोलपंपावर ओतायचे, असा त्याचा अर्थ होता.

पहिल्या दिवशी तो अर्थ पुरता कळला. सनीवेलला गाडी उभी करायला जागा मिळेना, म्हणून लगतच्या माउंटन व्ह्यू गावात शिरलो. गूगलचे मुख्यालय याच गावात. तेथे एका रस्त्याच्या कडेने आमच्यासारख्याच गाड्यांची रांग उभी होती. रांगेच्या टोकाला थांबलो, तोच काचेवर टकटक झाली. साठीचा एक गृहस्थ अतिशय आपुलकीने सांगत होता, "इथे उभे राहू नका, दंड होईल. पलीकडच्या रस्त्याला चालते." मग त्याने विचारले, "किती महिने झाले?"

"दहा दिवसांसाठी आलो आहोत," मी म्हणालो. त्याला प्रथम कळेना. तो एका उपाहारगृहात स्वयंपाकी होता आणि तीन वर्षे गाडीत राहत होता, कारण पगारात घरभाडे बसत नव्हते. अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या उभ्या करण्यास २०२० साली या गावाच्या मतदारांनी बंदी घातली. तेव्हापासून कोणता रस्ता रुंद आणि कोणता अरुंद, याचा अभ्यास या माणसांना करावा लागतो. मी हौसेने घेतलेल्या वस्तूत तो नाइलाजाने राहत होता, आणि जागा दाखवत होता तो मला.

संध्याकाळी जावयाने आपली जुनी मोटार आमच्या हवाली केली. मोठी गाडी डोंगरावरच राहिली आणि पेट्रोलचे कोडे सुटले. पण खरी गंमत शनिवारी झाली. व्याहीमंडळींसह सारे घरच आमच्याकडे आले! डोंगरावरच संकटमोचन हनुमानाचे देऊळ आहे. मौन पाळणाऱ्या बाबा हरिदासांच्या शिष्यांनी ते उभारले. शनिवारी नातवाला मारुतीपुढे ठेवले. दुपारी व्याही आणि मी उद्यानातले हेन्री मिलरच्या उन्हाळी घराचे अवशेष पाहायला गेलो. जर्मनीतून आलेला हा खाटीक पुढे गुरांच्या व्यापारात लाखो एकरांचा धनी झाला. १९१६ साली तो वारला. त्याच्या घराचे आज दगडच तेवढे उरले आहेत.

परतलो, तर सौ. नातवाला मांडीवर घेऊन गाडीबाहेर बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवले. आत मुलगी झोपली होती. सलग चार तास, बाळ झाल्यापासून प्रथमच. तिचे घर भरलेले होते, पण झोपायला निवांत कोपरा तिला आमच्या चोवीस फुटांत मिळाला. मी नातवाला घेतले आणि तिला जाग येऊ नये म्हणून झाडांखाली फेऱ्या घालू लागलो.

दहा दिवसांनी निघताना त्या रस्त्यावरून मुद्दाम गेलो. सौभाग्यवतीने स्वयंपाक्यासाठी बेसनाचे लाडू डब्यात भरले होते. रांग होती, त्याची गाडी नव्हती. डबा तसाच फीनिक्सपर्यंत आला.

बिऱ्हाड पाठीवर असले, तरी विंचवालाही दडायला एखादा दगड लागतोच.